लोहगाव ते सांताक्रूझ

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळापर्यंतचं हवाई अंतर भरतं सुमारे १२४ किलोमीटर. वैमानिकांच्या मोजमापात ६७ नॉटिकल मैल. मुंबई ते पुणे हेच अंतर रेल्वेने १९२ किलोमीटर आहे, म्हणजे विमान जवळजवळ सत्तर किलोमीटर वाचवतं. उंचावर गेलेलं जेट विमान मिनिटाला बारा-तेरा किलोमीटर कापतं. त्या हिशोबाने हा प्रवास कागदावर दहा मिनिटांचा. पण मार्च २०२३मध्ये एअर इंडियाने मुंबई-पुणे विमानसेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा वेळापत्रकात त्यासाठी एक तास धरला होता. दहा मिनिटांचा तास कसा होतो, हे शोधायला निघालं की आधी बोरघाटात शिरावं लागतं.

पुणे आणि मुंबई यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, आणि या दोन शहरांमधला वेळ नेहमी त्यानेच ठरवला. पेशवाईच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं मुंबईचा माणूस पुण्याला यायचा तो आधी होडीने पनवेलला. भरती-ओहोटी बघून होडी सुटायची, त्यामुळे प्रवासाची वेळ समुद्राच्या हाती. पनवेलपासून पुढे सत्तरेक मैलांची वाट घोड्यावर, पालखीत किंवा पायी. घाटात माल चढायचा तो बैलांच्या पाठीवरून. चाकाची गाडी घाटमाथ्यावर नीट चढू लागली ती १० नोव्हेंबर १८३० नंतर. त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा नवा रस्ता खुला केला. त्याआधी जनरल वेलस्लीने १८०४मध्ये तोफा नेण्यापुरती वाट काढली होती, पण व्यापाऱ्याच्या गाडीला तिचा फारसा उपयोग नव्हता. माल्कमचा रस्ता झाल्यावर कोकणातून देशावर येणारी गाडी घाटाखाली रिकामी करायची गरज उरली नाही.

रेल्वे आली तीसुद्धा या डोंगरापाशी अडून. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. खालून मुंबईची गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत यायची. मधला घाट मात्र प्रवाशांना जुन्याच पद्धतीने चढावा लागे: पालखी, तट्टू, नाही तर स्वतःचे पाय. दोन्हीकडे आगगाडी आणि मध्ये पालखी, असा हा प्रवास पाच वर्षं चालला. घाटातला लोहमार्ग १८६३मध्ये पूर्ण झाला. लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे पंचवीस. काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. १८६१च्या सुरुवातीला या कामावर ४२ हजारांहून जास्त मजूर होते. पटकीच्या साथीत आणि दरडींखाली त्यातले किती गेले, त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही; अभियंते नेमून तिने तो तडीस नेला. पुणे-मुंबई प्रवासाच्या इतिहासात तिचं नाव आजच्यापेक्षा कितीतरी ठळक असायला हवं.

या मार्गाचा एक तुकडा जवळून बघण्यासारखा आहे. खंडाळ्याजवळ डोंगर इतका उभा होता की गाडीला वळण घ्यायला जागाच मिळेना. मग तिथे एक रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी त्यात सरळ शिरायची आणि रूळ संपले की थांबायची. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि आतापर्यंत शेपटी असलेला डबा पुढे होऊन गाडी उलट्या दिशेने वर चढायची. पुण्याला निघालेला प्रवासी काही मिनिटं निव्वळ जागा बदलण्यात घालवत असे. विजेची इंजिनं आली, नवा मार्ग काढला गेला आणि १९२९च्या सुमारास हे स्टेशन बंद झालं. लगेच, १ जून १९३० रोजी, डेक्कन क्वीन धावली. सुरुवातीच्या काळात ती मुंबई-पुणे अंतर पावणेतीन तासांत कापायची. आज तीच गाडी सव्वातीन तासांच्या आसपास घेते. नव्वद वर्षांत इंजिनं बदलली, डबे बदलले, पण वाटेत लोकलची गर्दी वाढली आणि वेळ कमी होण्याऐवजी थोडा वाढला. विमानाच्या बाबतीतही पुढे असंच काहीसं घडायचं होतं.

वेळ मोजणं रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात सोपं नव्हतं, हेही इथेच सांगून टाकायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत. मुंबईची स्वतःची वेळ त्याहून अर्धा तास मागे. सूर्याप्रमाणे पाहिलं तर पुण्याचा मध्यान्ह मुंबईच्या चार मिनिटं आधी होतो. तीन वेळांच्या या गुंत्यातून लोकांची सुटका झाली ती १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावर. मुंबईत तर काही ठिकाणी जुनी वेळ त्यानंतरही बरीच वर्षं टिकून राहिली.

लोहगावची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. १९३९मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि मुंबई बंदराला हवाई संरक्षण हवं म्हणून ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने पुण्याच्या ईशान्येला, लोहगावच्या माळावर हा तळ उभारला. समुद्रापासून आत, घाटाच्या वर, आणि तरीही लढाऊ विमानाला पंधरा मिनिटांत मुंबईवर पोहोचता येईल इतकं जवळ. म्हणजे लोहगाव आणि मुंबई यांच्यातलं हवाई अंतर पहिल्यांदा मोजलं गेलं ते लढाईच्या हिशोबाने, तिकिटाच्या नव्हे. युद्धकाळात इथून मॉस्किटो, वेलिंग्टन, स्पिटफायर अशी विमानं उडाली. मे १९४७मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला, आणि आजही धावपट्टी त्यांचीच आहे. नागरी टर्मिनल हा त्या तळाच्या कडेला दिलेला एक तुकडा. लोहगाव हे संत तुकारामांचं आजोळ. म्हणून विमानतळाला जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यावं असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये केला. कीर्तनाच्या गावाला बॉम्बफेकी विमानांचा शेजार युद्धामुळे आला आणि पुढे कायमचा झाला.

प्रवासी विमानाचा काळ सुरू झाल्यावर सह्याद्री मागे पडेल असं वाटणं स्वाभाविक होतं. तसं झालं नाही, आणि त्याची किंमत माणसांनी दिली.

६-७ जुलै १९६२च्या रात्री अलिटालिया कंपनीचं डीसी-८ जेट बँकॉकहून मुंबईला येत होतं. सिडनीहून निघून रोमला जाणारं हे विमान. बाहेर पावसाळी काळोख. वैमानिकाला वाटलं की मुंबई जवळ आली, म्हणून त्याने थेट उतरण्याच्या तयारीने विमान खाली आणलं. प्रत्यक्षात मुंबई अजून बरीच दूर होती, आणि विमान होतं पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या डोंगरांवर. दावण्ड्याच्या डोंगरावर ते आदळलं. विमानातले ९४ जण, प्रवासी आणि कर्मचारी मिळून, सगळे गेले. चौकशीचा निष्कर्ष असा होता की दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिक आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जवळ आहोत असं समजला आणि वेळेआधी उतरू लागला. उपलब्ध असलेल्या रेडिओ साधनांनी त्याने आपली जागा पडताळली नाही, ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली विमान गेलं आणि या मार्गावरच्या डोंगरांची त्याला पुरेशी ओळख नव्हती, हेही अहवालात नोंदलं गेलं. जेटच्या वेगात ही चूक काही मिनिटांची. नाणेघाट आणि माळशेजचा मुलूख ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला त्या काही मिनिटांत खाली काय असतं हे वेगळं सांगायला नको.

दुसरा अपघात खुद्द पुणे-मुंबई मार्गावरचा. ४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८ जातीचं विमान पुण्याहून मुंबईला निघालं. लोक या विमानाला ‘अ‍ॅव्हरो’ म्हणत. दोन पंख्यांची ही विमानं कानपूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनत आणि देशातल्या छोट्या शहरांच्या मार्गांवर चालत. लोहगावहून उडाल्यावर अ‍ॅव्हरोला घाट ओलांडायला फार वेळ लागत नसे. वर चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू. त्या दिवशी सांताक्रूझकडे उतरताना पनवेलजवळच्या डोंगरावर विमान आपटलं. ४१ प्रवासी आणि चार कर्मचारी, असे ४५ जण दगावले. एवढ्या छोट्या मार्गावर विमानाला स्थिर उडण्यासाठी वेळच मिळत नाही. चढण, वळण, उतरण, तीही पावसाळ्यात आणि डोंगराच्या कडेने. सव्वाशे किलोमीटरचं अंतर ऐकायला सोपं वाटतं. वैमानिकाच्या दृष्टीने ते हजार किलोमीटरच्या सरळ उड्डाणापेक्षा जास्त धावपळीचं असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. विमान कंपनी प्रवासाचा वेळ मोजते तो विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबेपर्यंत. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. लोहगावला विमान मागे ढकललं जातं, टॅक्सीवेवरून धावपट्टीच्या टोकाशी येतं. समोर हवाई दलाची सुखोई सरावाहून परतत असेल, तर आधी ती उतरणार. सुखोई-३०ची पहिली तुकडी देशात दाखल झाली ती इथेच, जून १९९७मध्ये, त्यामुळे या धावपट्टीवर पहिला मान कोणाचा याबद्दल वाद नाही. वारा पश्चिमेचा असेल तर विमान मुंबईच्या दिशेनेच उडतं. नसेल तर आधी पूर्वेला उडून मग वळून यायचं. लोणावळा ओलांडेपर्यंत मुंबईचा नियंत्रण कक्ष बोलू लागतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते, आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या एकपट्टी विमानतळांपैकी तो एक आहे. दिल्लीची, बंगळूरची, दुबईची विमानं रांगेत असताना पुण्याच्या छोट्या विमानालाही त्याच रांगेत घिरट्या घालाव्या लागतात. उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. सगळं मिळून तास होतो, आणि त्यातली प्रत्यक्ष सरळ उडण्याची मिनिटं बोटांवर मोजण्याइतकी.

यात घर ते विमानतळ हा प्रवास धरलेलाच नाही. कोथरूडच्या माणसाने संचेती, येरवडा, विमाननगर असं करत लोहगाव गाठायचं म्हणजे सकाळी तासभर हाताशी हवा. त्यात सुरक्षातपासणीसाठी आधी पोहोचणं, आणि पलीकडे सांताक्रूझहून फोर्टला जाणं. एवढ्या वेळात पुणे स्टेशनला डेक्कन क्वीन पकडलेला माणूस डायनिंग कारमध्ये ऑम्लेट खाऊन, पेपर वाचून सीएसएमटीला उतरतो. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी आणलेल्या बसगाड्या पुढे एसटीने पुणे-दादर मार्गावर आणल्या. लोकांनी त्यांचं नाव एशियाडच ठेवलं आणि पुढच्या पिढीतल्या निमआराम गाड्यांनाही ते चिकटलं. मग २००२मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण खुला झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, आणि शिवनेरी बस अडीच-तीन तासांत दादरला सोडू लागली. या स्पर्धेत विमान कधीच जिंकलं नाही. मुंबईहून पुढे परदेशी विमान पकडायचं असेल, तरच पुणेकर या सव्वाशे किलोमीटरसाठी विमानात बसला. त्या वेळी त्याला सामान थेट पुढे जाण्याची सोय हवी असते, वेगाची नाही. इंडियन एअरलाइन्स, जेट एअरवेज, एअर इंडिया यांनी वेगवेगळ्या काळात ही सेवा चालवली, बंद केली, पुन्हा चालवली. त्यामागचं गणित इतकंच आहे.

दिल्लीची गोष्ट निराळी. पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास. झेलम एक्सप्रेसने निघालं तर एक रात्र आणि दुसरा आख्खा दिवस जातो. इथे टॅक्सी, रांग, घिरट्या यांत गेलेली पंचवीस-तीस मिनिटं एकूण प्रवासात विरघळून जातात. विमानाचा फायदा अंतराबरोबर वाढतो, आणि तो नेमका कुठे सुरू होतो हे पुण्याइतकं स्पष्ट फार कमी शहरांत दिसतं: मुंबईला नाही, गोव्याला थोडा, दिल्लीला पुरेपूर.

फार लांब जायचं म्हटलं की मात्र लोहगाव अपुरं पडतं. धावपट्टी २,५३५ मीटरची. विमानतळ समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचीवर. उंचीवर हवा विरळ, त्यात एप्रिल-मेच्या उन्हाने ती आणखी पातळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून विमानाला उडण्यापूर्वी जास्त लांब धावावं लागतं. युरोपपर्यंतचं इंधन आणि भरलेल्या जागा घेऊन मोठ्या विमानाने इथून उडायचं तर पट्टी पुरत नाही. प्रवासी कमी करा, माल कमी करा, नाही तर इंधन कमी घेऊन वाटेत थांबा. २००८मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली तीही बोईंग ७३७ या लहान विमानाने. साडेसहा हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासाला एवढं लहान विमान क्वचितच वापरतात. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या जर्मन कारखान्यांमुळे त्याला प्रवासी मिळत होते. एरवी पुण्याच्या घरांतली मुलं-मुली अमेरिका-युरोपला निघाली की आजही रात्री निघून द्रुतगती महामार्गाने मुंबईला जातात. अटलांटिकपलीकडच्या प्रवासाचे पहिले चार तास खालापूरच्या टोलनाक्याच्या वाटेवर जातात.

पट्टी एकच असल्याचा अर्थ २०२०-२१मध्ये शहराला पुरता कळला. पृष्ठभाग नव्याने करण्यासाठी २६ ऑक्टोबर २०२०पासून रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद झाली, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. त्या पंधरवड्यात पुण्याहून दिल्लीचा सव्वादोन तासांचा प्रवास आधी मुंबई गाठण्यापासून सुरू होत होता. नवं टर्मिनल मार्च २०२४मध्ये उद्‌घाटन होऊन जुलैत वापरात आलं. प्रवाशांना बसायला जागा वाढली, सामानाच्या रांगा सुटसुटीत झाल्या. बाहेरची पट्टी मात्र तीच, तेवढीच, आणि हवाई दलाबरोबर वाटून घेतलेली. काचेच्या इमारतीचे फोटो छापून येतात तेव्हा ही गोष्ट झाकली जाते; पुण्याच्या विमानप्रवासाची खरी मर्यादा डांबराच्या त्या अडीच किलोमीटरमध्ये आहे.

म्हणून नव्या विमानतळाचा शोध. आधी चाकण-राजगुरूनगर भागात जागा पाहिल्या गेल्या, मग २०१६मध्ये पुरंदर तालुक्याचं नाव पुढे आलं. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावं. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ ज्या जमिनीतून पुण्या-मुंबईच्या मंडईत येतात, तीच ही जमीन. मे २०२५मध्ये ड्रोनने मोजणी सुरू झाली तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली. लांब पल्ल्याची विमानं थेट पुण्याहून उडावीत ही शहराची गरज खरी आहे, आणि बागा गेल्यावर ते अंजीर पुन्हा लावायला जमीन कुठली, हा त्या गावांचा प्रश्नही तितकाच खरा. शहराने हा प्रश्न आपला मानायला हवा, कारण वेळ वाचणार आहे तो शहराचा.

दरम्यान पलीकडच्या बाजूला ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं. तो आहे पनवेलच्या बाजूला, उलव्याला. जिथे एके काळी मुंबईहून आलेल्या होडीतून उतरून लोक पुण्याची वाट धरायचे, तिथून जवळच. परदेशी जाणाऱ्या पुणेकराला आता घाट उतरल्यावर ठाण्याच्या खाडीपलीकडे मुंबईत शिरायची गरज उरणार नाही. हिंजवडी किंवा वाकडहून निघालेली गाडी द्रुतगती महामार्गाने कळंबोलीपर्यंत येऊन डावीकडे वळली की विमानतळ टप्प्यात. सांताक्रूझच्या हिशोबाने यात किमान तासभर वाचतो. पावसाळ्यात बोरघाटात दरड आली तर तो तास पुन्हा तिथेच खर्च होतो, आणि म्हणून विमानाच्या वेळेआधी सहा तास घर सोडण्याचा पुण्यातल्या घरांचा नेम अजून सुटलेला नाही.